लढाईवरून आलेली टायरं

पेडगावच्या आमच्या घरी पावसाळ्यात दोन उलथनी लागत. एक चुलीपाशी, धपाटे उलटायला. दुसरं ओसरीच्या खुंटीला, पायाचा चिखल खरवडायला. हे दुसरं दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या हातात असायचं. आमच्याकडची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाणी लागलं की ती अशी फुगते, अशी चिकटते, की माणूस विहिरीवरून घरी येईपर्यंत बोटभर उंच होतो. माझी आई, जिला आम्ही माय म्हणायचो, ती सकाळी जात्यावरून उठली की पहिल्यांदा ओसरी खरवडायची, दुपारी पुन्हा, दिवेलागणीला पुन्हा. संध्याकाळी ती चुलीपुढं पाय लांब करून बसे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, त्यावर मेंदीचा लेप आणि वर जुन्या लुगड्याची चिंधी. अंबाडीच्या भाजीला फोडणी देता देता तिचा डोळा लागायचा आणि लसूण करपल्याचा वास आला की तिला जाग यायची. तिचा चेहरा मला आठवतो तो बहुतेक असाच, रागावलेला नव्हे, नुसता दमलेला.

आणि वडील, आमचे आप्पा, पावसाळाभर दावणीला बांधलेल्या गुरासारखे घरात येरझारा घालत. त्यांची एक मोटार होती, मालाची लॉरी. दसऱ्यानंतर कापूस निघाला की गावोगावची बोंदरी, कापसाची मोठाली पोती, भरून ती परभणीच्या जिनिंगला जायची, बाजाराच्या दिवशी मागं माणसंही बसायची. निजामाचं राज्य होतं आणि लढाई चालू होती तोवर पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारीच्या पाठीवर कोळशाचं एक पिंप बसवलेलं होतं. त्याच्या धुरानं आप्पांना जो खोकला लागला तो शेवटपर्यंत गेला नाही. पण पाऊस सुरू झाला की मोटार पत्र्याखाली उभी. आसाखाली दगड रचून चाकं जमिनीपासून वर उचलून ठेवत. आप्पा सकाळी अंघोळ करून, कपाळभर विभूती लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसत, पण कान पत्र्यावरच्या पावसाकडे. पूजा आटोपली की जाऊन मोटारीत बसत. नुसतेच, हातात सुकाणू धरून. मी चहा घेऊन गेले की म्हणत, "चार महिने झाले आपले जीव पांगळे." चार महिने झालेले नसत. पण त्यांना तसं वाटे.

लढाई संपली त्या सालात आप्पा सिकंदराबादला गेले. फौजेचा उरलेला माल तिकडं विकायला काढला होता, मोटारीच्या सुट्या भागांपासून चादरीपर्यंत. तिथून त्यांनी टायरं आणली. रेल्वेनं पेडगावच्या ठेसनावर उतरवली आणि तिथून आप्पा आणि बाबूमिया ती ढकलत, गडगडत घरी घेऊन आले. बाबूमिया हा आप्पांचा जुना सोबती. मोटारीचा क्लीनर म्हणा, मिस्त्री म्हणा, आप्पांचा खोकला वाढला की ड्रायव्हरही तोच. वाटेत अर्धं गाव मागं लागलं. तसली टायरं कुणी बघितली नव्हती. आमच्या जुन्या टायरांवर बारीक नक्षी असायची, तीही घासून गुळगुळीत झालेली. यांना मात्र दात होते. जाड, तिरपे, एकाआड एक, दोन दातांमधली खाच एवढी खोल की आप्पांनी तीत मूठ घातली तर ती आत बसली. ते प्रत्येकाला मूठ घालून दाखवत होते.

"ही लढाईवर चाललेली टायरं हायत," ते म्हणाले. "तिकडं रस्ते नव्हते, नुसता चिखल. ह्या दातानं चिखल धरायचा आन मोटार फुडं ढकलायची. आता आपल्याला पावसाळा न्हाई."

बाबूमियानं टायरावर थाप मारली. "आप्पा, अब तो डोंगर पे बी चढींगे."

मायनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जेवून घ्या. भाकरी गार व्हायली."

माझा नातू परवा मला मोबाइलवर काही दाखवत होता. कुठलीशी जीप, तिची टायरं तशीच दातांची, आणि ती चिखलातून अशी उड्या मारत चालली होती की काचेवर शिंतोडे. "आजी, ही टायरं कुठंही अडकत नाहीत," तो म्हणाला. मी म्हटलं, बाबा, हा चिखल नव्हे, हे गढूळ पाणी आहे. उडतंय ते पाणी. आमचा चिखल उडत नसे. तो हसला. त्याचं काही चुकलं नाही. आता पेडगावहून परभणीला डांबरी रस्ता आहे, आणि चप्पल चिखलात राहून पाय रिकामा वर येतो म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगून कळायचं नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचं, गिरजाक्काचं लग्न होऊन दोन पावसाळे झाले होते. तिचं सासर पोखर्णीच्या बाजूला, सडकेपासून आत काळ्या रानात एक खेडं होतं. घर खाऊनपिऊन बरं, आपल्याच लोकांतलं, शिवाची पूजा करणारं. टायरं आल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात नागपंचमीला ती माहेरी आली नाही. आप्पांनी तिला आणायला मुराळी पाठवला तर सासऱ्यांनी सांगितलं, रस्ते खराब झालेत, गाडी चालत नाही, दिवाळीला धाडू. मायनं पंचमीला केलेले कानवले डब्यात भरून शिंकाळ्यावर ठेवले आणि ते मऊ पडेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

मग श्रावण संपता संपता आमच्याकडं भिक्षेला येणारे स्वामी आले. ते गावोगाव फिरत, सगळ्यांच्या घरचं त्यांना ठाऊक. मायनं त्यांच्या झोळीत पीठ घातलं, पाया पडली, तरी ते उंबऱ्यातून हलेनात.

"गिरजा लय उतरलीय बाई," ते हळू म्हणाले. "दिवस गेले हुते, ते पडलं म्हणं. तशीच खुरपायला जायली हुती. आता ताप हाय. गोठ्याकडंला टाकलीय तिला. मी सांगितलं म्हून सांगू नका, पर घेऊन या."

माय खाली बसली. आप्पा ओसरीवरून उठून आत आले, त्यांनीही ते ऐकलं होतं. दोघं एकमेकांकडं बघत नव्हती. मग आप्पा म्हणाले, "उद्या मोटार काढतो. ही टायरं आनखी कशासाठी हायत?"

दुसऱ्या दिवशी उघाड होती. आकाश धुतल्यासारखं, ऊन चटचटीत. बाबूमियानं हँडल मारून मोटार चालू केली, पुढं आप्पा आणि माय बसले, मागं गोणपाट अंथरून मी आणि बाबूमिया. मला न्यायचं कारण असं की आजारी माणसाला धरायला दोन बायका लागतील असं माय म्हणाली. मी तेव्हा लग्नाच्या वयाची झाले होते, घरात माझ्यासाठीही बोलणी चालली होती. गाठोड्यात कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एक धुतलेलं लुगडं. परभणीपर्यंत आणि पुढं पोखर्णीच्या सडकेला मोटार झकास चालली. त्या दातांचा सडकेवर एक घुमणारा आवाज होत होता, मोठा भुंगा असावा तसा, आणि आप्पा मधूनमधून काही न लागताच भोंगा वाजवत होते. बाबूमिया त्या आवाजाबरोबर मान हलवत होता. मलाही वाटलं, दुपारी अक्काला घेऊन आपण घरी असू.

सडक सोडून आम्ही गाडरस्त्याला लागलो. सुरुवातीला हरळी होती, तिथं दात जमिनीत रुतून मोटार खरंच पुढं गेली. आप्पांनी खिडकीतून डोकं काढून मागं बघितलं. मग हरळी संपली. दोन्ही बाजूंना कापूस, मधे काळी वाट, वरून ऊन लागून नुकती सुकायला लागलेली. आमच्या मातीचं हेच वाईट. भर पावसात ती तरी थोडी वाहते. ऊन लागून निम्मी सुकली की ती सरसासारखी चिकट होते. मोटार थोडी गेली आणि तिचा आवाज बदलला. भुंगा बंद झाला. मी वाकून बघितलं तर टायरांना दात नव्हते. खाचा मातीनं भरून, वर मातीचा थर चढून ती काळी, गोल, गुळगुळीत झाली होती, शेणानं सारवलेल्या रांजणासारखी. इंजिन ओरडत होतं, चाकं जागच्या जागी फिरत होती, आणि दर फेऱ्याला आणखी माती गुंडाळून घेत होती. शेवटी ती माती वरच्या पत्र्याला जाऊन भिडली, मागच्या जोडचाकांच्या मधे ठासून बसली, आणि चाकं फिरायचीही थांबली. मोटार हळूच कडेला घसरली आणि कापसात तोंड घालून उभी राहिली.

त्यानंतर आम्ही काय काय केलं ते सांगतानाही हात दुखतात. आप्पा आणि बाबूमिया खुरप्यानं, पहारीनं दातांमधली माती उकरायचे, मी आणि माय हातानं ओढून काढायचो. ती सुटत नसे. हाताला चिकटे, हातावरून काढायला गेलं की दुसऱ्या हाताला. चाक साफ करायचं, मोटार चालू करायची, वावभर जायचं, पुन्हा रांजण. बाबूमियानं चाकांवरचे पत्रे उचकटून काढले, मग हवा कमी केली. टायर बसकं झालं तसं पहिल्यापेक्षा दोन पावलं जास्त गेलं, पण तेवढंच. अंबाडीचा दोर चाकाला गुंडाळून बघितला. दोरावरही माती चढली आणि दोर दिसेनासा झाला. गेल्या सालच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे भारे एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडले होते, ते आणून चाकाखाली टाकले. जमिनीनं ते गिळले.

शेजारच्या रानातला एक शेतकरी, माणिकराव नावाचा, बैल घेऊन आला. दावं बांधून ओढलं. बैल गुडघ्यापर्यंत आत गेले, एक खाली बसला आणि उठेना. माणिकरावानं जुवाच्या शिवळा काढून बैल सोडले.

"आप्पा, माझं जनावर जाईल," तो म्हणाला. "उन्हं चार दिवस पडू द्या. मग निघंल."

"आज काढायची हाय," आप्पा म्हणाले. "पोरगी आजारी हाय माझी."

बाबूमिया चाकाला पाठ टेकून बसला होता. "आप्पा, अब नक्को," तो म्हणाला. "ह्यो चिखल ऐकायचा न्हाई."

"आनखी एकदा बघू, पत्रं घालू चाकाखाली," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. ते पुन्हा चाकाशी वाकले. खोकत होते आणि उकरत होते. मला त्या वेळी वाटलं की ते अक्कासाठी उकरत नाहीत आता, ते त्या टायरांसाठी उकरतायत. असं वाटल्याचं मी कुणाला सांगितलं नाही.

मायनं हात लुगड्याला पुसले, ओचा वर खोवला आणि गाठोडं डोक्यावर घेतलं.

"कुठं निघालीस?" आप्पांनी विचारलं.

"तिच्याकडं."

"थांब. निघंल आता."

"निघंल तवा निघंल," माय म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "ती तिथं पडली हाय. चल गं नंदा."

त्या वाटेइतकी लांब वाट मी पुन्हा कधी चालले नाही. गाव दिसत होतं, लिंबाची झाडं दिसत होती, पण जवळ येत नव्हती. प्रत्येक पायाला पाटा बांधल्यासारखं. पाय उचलला की मातीचा गोळा बरोबर येई, थोड्या वेळानं आपल्याच वजनानं सुटून पडे, आणि मग तो एक पाय हलका नि दुसरा जड, त्यानं तोल जाई. माय पुढं होती. जिथं धुरा असेल तिथं ती गवतावरून जायची, नसेल तिथं मधेच उभी राहून काडीनं आधी माझे पाय खरवडायची, मग स्वतःचे. तिच्या चिखल्यांतून रक्त येत होतं. मी म्हटलं, "माय, बस जरा." ती म्हणाली, "बसले तर उठायची न्हाई." एवढंच बोलणं झालं. पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं होतं, त्या दिवशी तुला भीती नाही वाटली? आपल्याला घरात घेतील का, बोलतील का? ती म्हणाली, "भ्यायला दम कुठं हुता बाई."

अक्का गोठ्याच्या कडेला पोत्यावर पडली होती. मुठीत गळ्यातलं लिंग धरलेलं. केसांच्या जटा झालेल्या, ओठ काळे. मला बघून तिनं ओळखलं नाही, मायला ओळखलं, पण रडली नाही. डोळे मिटून घेतले. तिची सासू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आता आलाव तर बसा इहीणबाई," ती म्हणाली. "आमी काय मारलंय का तिला? बायकांचं पोट हाय, जातं एखाद्या वक्ती. औषिद चालू हाय."

"बसत न्हाई," माय म्हणाली. "न्यायला आले."

"कशात नेताव? मोटार आणलीय म्हणं तुमच्या मालकानं. कुठाय?"

"चिखलात."

सासू हसली. फार वाईट नव्हे, जसं कुणी सहज हसेल तसं. माझे दाजी, अक्काचा नवरा, खांबाजवळ उभे होते, जमिनीकडं बघत. माय पोत्याशी वाकली आणि अक्काच्या मानेखाली हात घालायला लागली. "पाटकुळी घेते," ती मला म्हणाली, "तू मागून धर." तिला स्वतःला उभं राहवत नव्हतं. अक्काला अर्धी उचलून ती तिथंच गुडघ्यावर बसली. पुन्हा उचललं, पुन्हा बसली. घरातलं कुणी हाललं नाही.

तेव्हा दारात आप्पा आले. मी त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. मांडीपर्यंत चिखल, कपाळावरची विभूती पुसलेली, हातात काही नाही. मागं बाबूमिया आणि माणिकराव. ज्या माणसानं मोटार कधी नजरेआड केली नव्हती तो तिला उघड्या रानात टाकून आला होता. त्यांनी सासूकडं बघितलं नाही, व्याही आतून बाहेर आले त्यांनाही रामराम केला नाही. मायच्या हातातून अक्काला घेतलं आणि म्हणाले, "बाज द्या एक. उद्या परत धाडतो."

बाज कुणी आणली तर दाजींनी. आतून ओढत आणली, आणि चौथा कोपरा कुणी धरायचा असं होण्याआधी त्यांनीच तो धरला. त्यांच्या आईनं हाक मारली, तरी ते थांबले नाहीत. आम्ही निघालो. चौघांच्या खांद्यावर अक्का, मी आणि माय कडेनं, तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून लुगडं धरून. पुढं पाय टाकताना प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, हळू, इथं खोल हाय, इथून ये. मोटारीपाशी आलो. ती तशीच कापसात तिरपी उभी, त्या टायरांना चारी बाजूंनी माती थापलेली, चाक कुठलं नि जमीन कुठली कळत नव्हतं. मला वाटलं आप्पा थांबतील, निदान दार लावतील. त्यांनी मान वळवली नाही. सडकेवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. परभणीकडं जाणारी एक बैलगाडी मिळाली. दाजींनी बाज खाली टेकवली, अक्काकडं एकदा बघितलं, बाज तशीच उचलून खांद्यावर घेतली आणि आल्या वाटेनं परत गेले.

दवाखान्यात अक्का बरेच दिवस होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर उपयोग नव्हता. ती वाचली. मोटार दसऱ्यापर्यंत त्या रानात उभी होती. माणिकरावाच्या बायकोनं तिच्यात मुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या म्हणे. जमीन सुकल्यावर बैलांनी ती सहज ओढून काढली. आप्पांनी त्या टायरांचं नाव पुन्हा काढलं नाही, पण ती बदललीही नाहीत. उन्हाळ्यात ती चांगलीच चालायची. पावसाळ्यात ते आता मोटारीत जाऊन बसत नसत. ओसरीवर बसून मायबरोबर भाजी निवडत. माझ्या लग्नाची बोलणीही त्या साली कुणी पुढं नेली नाहीत, आणि मी आणखी दोन वर्षं घरी राहिले, निजामाचं राज्य जाईपर्यंत.

दिवाळी होऊन गेल्यावर व्याही आणि दाजी गाडी जुंपून आले. आप्पांनी बसायला लोकरीची जान अंथरली, चहा दिला. व्याही पावसापाण्याचं बोलले, कापसाचं बोलले, मग म्हणाले, "झालं गेलं. लक्ष्मी घरात पायजे. पोरगी धाडा."

आप्पांना एरवी बोलायला फार आवडे, पण त्या दिवशी त्यांनी कपातला चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तिलाच इचारा."

असं कुणी विचारत नसे. आत अक्का भाकऱ्या करत होती. तिनं ऐकलं होतं. ती पिठाच्या हातांनीच दाराशी आली. अजून बारीक होती, चौकटीला खांदा टेकवून उभी राहिली. सासऱ्यांकडं न बघता तिनं दाजींकडं बघितलं.

"मी येत न्हाई," ती म्हणाली.

व्याही आप्पांकडं वळले. "तुमी काय म्हणताव?"

"ऐकलं न्हवं," आप्पा म्हणाले.

दाजींनी जानीवर एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "बरं." आणि उठले.

गाडी वेशीपर्यंत जाईस्तोवर आम्ही कुणी जागचे हाललो नाही. मग अक्का वळली, चुलीकडं गेली, आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.